जागेची जाहिरात साइटवरून का उडते?

व्हिडिओत हा मुद्दा घाईत सांगितला होता, म्हणून इथे नीट लिहितोय.

मागे मला माझा एक गाळा भाड्याने द्यायचा होता. जास्त फोन यावेत म्हणून एकाच साइटवर तीच जाहिरात चार वेळा टाकली. दुसऱ्या दिवशी चारही गायब, अकाउंट ब्लॉक! दोन महिन्यांचं भाडं बुडालं. चूक माझीच, नियम वाचलेच नव्हते.

पोस्ट करण्याआधी एवढं बघा:

१. एक जागा, एक जाहिरात. शीर्षकात दोन शब्द बदलले तरी साइटला ती डुप्लिकेटच वाटू शकते.

२. विक्री की भाडं, मालक की एजंट, हे खरं तेच निवडा.

३. फोटो त्याच जागेचे टाका. नेटवरचा चकाचक हॉल दाखवून गिऱ्हाईक आलं, तरी दारातूनच परत जातं.

४. किंमत '१ रुपया' लिहू नका. क्षेत्रफळ कार्पेट आहे की बिल्ट-अप, ते स्पष्ट लिहा.

५. महाराष्ट्रात नोंदणीकृत नव्या प्रकल्पातला फ्लॅट विकताय? मग जाहिरातीत महारेरा नंबर हवा. १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही सक्तीचा आहे. असे फ्लॅट विकणाऱ्या एजंटची स्वतःची महारेरा नोंदणीही लागते. इथे प्रश्न अकाउंटचा नाही, दंडाचा आहे.

६. व्यवहार झाला की जाहिरात लगेच काढा.

नियम वाचायला दहा मिनिटं लागतात. ती वाचवायला गेलो, म्हणून माझा गाळा रिकामा राहिला. तुम्ही तसं करू नका. भेटू पुढच्या व्हिडिओत!