चारुदत्ताची ठेव, शारदेची किंमत

वाशीम जिल्ह्यातील कारंजा हे गाव ग्रंथभांडारांचे. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तीन परंपरांची भट्टारकपीठे येथे नांदली. येथील हस्तलिखितांच्या आधारे डॉ. हिरालाल जैन यांनी अपभ्रंश काव्ये संपादून 'कारंजा जैन सीरिज' मधून प्रसिद्ध केली, तेव्हा या गावाचे नाव विद्वानांच्या जगात पोहोचले. अशा गावातील स्वाध्यायशील घरांना चारुदत्त श्रेष्ठीची कथा नव्याने सांगावी लागत नाही. आचार्य जिनसेनांनी शके 705 मध्ये पूर्ण केलेल्या हरिवंशपुराणात ती येते आणि सप्तव्यसनांच्या निरूपणात वेश्याव्यसनाचे उदाहरण म्हणून हेच नाव निघते. चंपानगरीच्या भानुदत्त शेठजींचा हा मुलगा वसंतसेनेच्या घरी बारा वर्षे राहतो, वाडवडिलांचे धन संपवतो, धन संपताच बाहेर काढला जातो आणि मग व्यापारासाठी परदेशी निघतो. वाटेत खरेदी केलेला कापूस वणव्यात जळून जातो. कापसावर पोट असलेल्या वऱ्हाडातल्या व्यापाऱ्याला पुराणातील हा प्रसंग फार जवळचा वाटावा.

हाच चारुदत्त आणि हीच वसंतसेना शूद्रकाच्या संस्कृत नाटकात उज्जयिनीत भेटतात. तेथे मात्र चारुदत्ताचे धन दानधर्मात आणि मित्रांसाठी गेलेले आहे. मराठी रंगभूमीवर या चारुदत्ताला गाता आणि बोलता करणारे गृहस्थ म्हणजे गोविंद बल्लाळ देवल. नाटककार म्हणून त्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. नाटक मंडळ्यांत मात्र त्यांची ओळख 'तालीममास्तर' अशी होती. आज ज्याला आपण दिग्दर्शक म्हणतो, त्याला त्या काळी हाच शब्द होता.

देवलांचा जन्म 13 नोव्हेंबर 1855 चा, सांगलीजवळच्या हरिपूरचा. शिक्षण बेळगावात झाले आणि तेथेच त्यांना बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर हे शिक्षक लाभले. पुढे देवलांनीही शिक्षकी केली. पण गुरूच्या डोक्यातले नाटकाचे वेड शिष्यात आधीच उतरले होते. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'च्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला आणि मराठी संगीत नाटकाला खरा आरंभ मिळाला. त्यापूर्वीच्या नाटकांत सूत्रधार गात असे आणि पात्रे त्याच्यामागे आपापले भाषण उत्स्फूर्तपणे करीत. किर्लोस्करांनी पात्रांच्याच तोंडी पद दिले, गद्य लिहून दिले आणि ते पाठ करवून घेतले. लिहिलेले पाठ करवून घ्यायचे म्हटले की शिकवणारा माणूस लागतो. तालीममास्तर ही जागा या गरजेतून तयार झाली. किर्लोस्कर 1885 साली वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी गेले. त्यांचे 'रामराज्यवियोग' अपुरेच राहिले. मंडळीला मागे शिकवणारा कोण, या प्रश्नाचे उत्तर कालांतराने देवलांच्या रूपाने मिळाले.

त्या काळच्या तालमीची कल्पना आज येणे कठीण आहे. कंपनीत बारा-चौदा वर्षांची मुले असत. कोणाचा गळा गोड म्हणून, कोणाचा चेहरा नाजूक म्हणून त्यांना घेतलेले असे. स्त्रियांच्या भूमिका तीच करीत. अक्षरओळख बेताची, घर सुटलेले, कंपनीच्या बिऱ्हाडी राहणे आणि आज या गावी तर उद्या त्या गावी जाणे असा त्यांचा क्रम. अशा मुलाला शकुंतलेचे किंवा वसंतसेनेचे मन समजावून सांगायचे, पद बसवायचे, पदर कसा सावरायचा हे दाखवायचे आणि शब्दाचा उच्चार शुद्ध करून घ्यायचा, हे सगळे एकाच माणसाच्या अंगावर पडे. देवलांचा पिंड शाळामास्तराचा होता आणि तो येथे कामी आला. त्यांचा आग्रह एका गोष्टीचा असे: आधी अर्थ, मग सूर. पद हे बोलण्याचाच पुढचा भाग वाटले पाहिजे, गाण्यासाठी नाटक थांबता कामा नये. 'शाकुंतला'त दोनशेच्या आसपास पदे होती. देवलांनी आपल्या नाटकांत पदांची गर्दी कमी केली, चाली साध्या ठेवल्या आणि घरोघरी बायकांच्या तोंडी असलेल्या वळणांचा उपयोग केला. गणपतराव बोडस यांच्यासारखा गद्याचा समर्थ नट याच शाळेत तयार झाला. 1905 साली नारायणराव राजहंस, म्हणजे पुढचे बालगंधर्व, सतराव्या वर्षी किर्लोस्कर मंडळीत आले, तेव्हा त्यांच्या वाट्यालाही देवलांची तालीम आली. बालगंधर्वांच्या गाण्यावर भरभरून लिहिले गेले आहे. त्यांच्या स्वच्छ, घरगुती बोलण्यामागे कोणाचे कष्ट होते, याचा उल्लेख त्या मानाने फार थोडा होतो.

देवलांचे 'मृच्छकटिक' 1880 नंतरच्या दशकाच्या अखेरीस रंगभूमीवर आले. व्यापारी कुटुंबांनी हे नाटक मुळातून वाचावे असे आहे, कारण त्याचा कणा एका ठेवीवर उभा आहे. वसंतसेना आपले दागिने चारुदत्ताकडे ठेव म्हणून सोपवते. शर्विलक घर फोडून ते नेतो. चारुदत्ताला चोरीपेक्षा दुसरीच चिंता जाळते. गरीब माणसाचे म्हणणे खरे कोण मानणार? ठेव यानेच पचवली असे लोक म्हणतील. मग त्याची पत्नी धूता माहेरची रत्नमाला पुढे करते आणि 'दागिने जुगारात हरलो' असा निरोप पाठवून चारुदत्त ती रत्नमाला वसंतसेनेकडे धाडतो. येथे बारीक नजरेच्या वाचकाला एक प्रश्न पडेल. ठेवीची भरपाई करणारा माणूस अचौर्याचे पालन करतो, पण त्यासाठी खोटे बोलतो. सत्याणुव्रताचे काय? शूद्रकाने उत्तर दिलेले नाही. हा प्रसंग भाबडेपणाने वठवला तर चारुदत्त नुसता दुबळा दिसतो, आणि अभिमानाने वठवला तर उद्धट. दोहोंच्या मधली वाट नटाला दाखवणे, हे तालीममास्तराचे खरे काम.

नवव्या अंकात चारुदत्तावर वसंतसेनेच्या खुनाचा आळ येतो आणि न्यायसभा भरते. न्यायाधीशाबरोबर तेथे श्रेष्ठी आणि कायस्थ बसलेले आहेत. नगरशेठला न्यायासनाजवळ जागा होती, हे या नाटकातून कळते. आपल्यातल्याच एका सार्थवाहाविरुद्ध पुरावा ऐकण्याची वेळ त्या श्रेष्ठीवर येते. पंचायतीत बसलेल्या कोणाही शेठजीला ही अडचण समजेल.

नाटकाचे नाव ज्या मातीच्या गाडीवरून पडले, तो प्रसंग याहून साधा आहे. शेजारच्या धनिकाच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून चारुदत्ताचा लहानगा रोहसेन रडतो. मातीची गाडी त्याला नको असते. वसंतसेना आपल्या अंगावरचे दागिने काढून त्या गाडीत घालते. उतरती कळा लागलेल्या घरातील मुलांना सुबत्तेची आठवण कशी छळते, हे व्यापारात चढउतार पाहिलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. हरिवंशपुराणातील चारुदत्त पुन्हा कमावून घरी येतो. रंगभूमीवरच्या चारुदत्ताला राज्यक्रांती वाचवते. कथा दोन, पण माणसाची पत गेल्यावर त्याच्याजवळ काय उरते, हा विचार दोहोंत आहे.

देवलांच्या सात नाटकांपैकी सहा इतरांच्या आधाराने लिहिलेली आहेत. शेक्सपियरच्या 'ऑथेल्लो'वरचा 'झुंझारराव' त्यातलाच. स्वतंत्र नाटक एकच, 'शारदा'. जानेवारी 1899 मध्ये किर्लोस्कर मंडळीने इंदूरला त्याचा पहिला प्रयोग केला. विषय उघड होता. भुजंगनाथ नावाच्या म्हाताऱ्या श्रीमंताला लग्न करायचे आहे, कांचनभटाला पैसा हवा आहे, भद्रेश्वर दीक्षित दलाली करतो आणि या तिघांच्या सौद्यात शारदा नावाची कोवळी मुलगी विकली जाते. राजे, ऋषी आणि अप्सरा यांच्यात रमलेल्या संगीत रंगभूमीवर प्रथमच शेजारच्या वाड्यातील माणसे आली. मैत्रिणींच्या गप्पा, आईची घुसमट, बापाचा हिशेब हे सारे प्रेक्षकाने घरी पाहिलेले होते. हा सौदा शेवटी कशाने मोडतो? वर आणि वधू सगोत्र निघतात, म्हणून. मुलीचे अश्रू पुरेसे ठरत नाहीत, गोत्र पुरेसे ठरते. बघेरवाल, खंडेलवाल, सैतवाल, ओसवाल अशा ज्या ज्या ज्ञातींत सोयरीक ठरवताना आधी गोत्र विचारले जाते, तेथे हा टोला बरोबर बसावा.

'शारदा' आले तेव्हा वाशीम हा वऱ्हाडातील स्वतंत्र जिल्हा होता. सरकारदप्तरी त्याचे नाव बासिम होते. 1905 साली तो अकोल्यात विलीन झाला आणि 1 जुलै 1998 ला पुन्हा वेगळा झाला. वऱ्हाडात कापसाचा पैसा खेळत होता आणि नाटक मंडळ्यांचे दौरे त्या पैशाच्या वासाने येत. ज्येष्ठ मंडळींना मात्र मुलाबाळांनी नाटकाला जाणे रुचत नसे. अनर्थदंडात 'दुःश्रुति' सांगितली आहे, म्हणजे मन मलिन करणारे ऐकणे, आणि नाटक हे त्यातच मोडते असे त्यांना वाटे. ही भीती सर्वस्वी खोटी म्हणता येणार नाही, त्या काळी तशीही नाटके होत होती. पण 'शारदा' ऐकून कोणाचे मन मलिन झाले असेल असे वाटत नाही.

योग असा, की 1899 सालीच एप्रिल महिन्यात स्तवनिधी येथे दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली. बालविवाह, वृद्धविवाह आणि कन्याविक्रय हे प्रश्न तेव्हा जैन समाजातही तितकेच धगधगत होते. सोलापूरच्या हिराचंद नेमचंद दोशी यांनी सुरू केलेल्या 'जैन बोधक'सारख्या पत्रांतून समाजसुधारणेचा विचार घरोघरी जात होता. त्यांची कन्या कंकुबाई यांना तरुणपणीच वैधव्य आले. मुंबईच्या शेठ माणिकचंद जव्हेरी यांच्या कन्या मगनबाई यांच्याही वाट्याला तेच आले. या दोघींनी आपले आयुष्य श्राविकांच्या शिक्षणाला वाहिले. कारंजात 1918 साली महावीर ब्रह्मचर्याश्रम निघाला, आणि मुलींच्या शिक्षणाशी याच गावात कंकुबाईंचे नाव जोडले गेले. पुढे 1929 साली अजमेरचे हरबिलास सारडा यांच्या प्रयत्नाने बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला. मुलीचे वय किमान चौदा आणि मुलाचे अठरा असे ठरले. मराठी माणसाने त्याचे नाव ऐकताच 'शारदा कायदा' करून टाकले. कायद्याचा आणि नाटकाचा संबंध केवळ ध्वनीचा होता, पण नाटक किती खोल गेले होते हे त्यावरून दिसते. देवल हे पाहायला राहिले नव्हते.

5 जुलै 1913 रोजी बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. साठीकडे झुकलेले देवल या मंडळींबरोबर राहिले. आपले जुने प्रहसन 'फाल्गुनराव' त्यांनी पदे घालून नव्याने बांधायला घेतले. संशयाने पछाडलेल्या नवराबायकोचे हे इंग्रजीवरून घेतलेले नाटक. त्याची गंमत अशी, की देवलांनी पात्रांना नक्षत्रे आणि महिने यांवरून नावे दिली: फाल्गुनराव, कृत्तिका, रेवती, अश्विनशेठ, भादव्या. नायकाला त्यांनी 'शेठ' केले, हीही एक लहानशी मौज.

14 जून 1916 रोजी देवलांचे निधन झाले. त्यांच्या मागे चार महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, गंधर्व मंडळीने 'संशयकल्लोळ' रंगभूमीवर आणले. फाल्गुनरावाच्या भूमिकेत गणपतराव बोडस होते. तालीममास्तरांची जागा त्या रात्री रिकामी होती.