मोटारसायकलचे ब्रेक पॅड : घरच्या घरी बदलताना घ्यावयाची दक्षता

बेळगाव शहराच्या पश्चिमेस असलेल्या बेळगुंदी परिसरात पाऊस भरपूर पडतो. भात व रताळी पिकविणाऱ्या या भागातील शेतकरी, शिक्षक व नोकरदार यांचे बाजारास अथवा कचेरीस जाणे-येणे बहुतांशी मोटारसायकलवरच होते. पावसाळ्यात चिखल व वाळूचे कण डिस्क आणि पॅड यांच्यामध्ये शिरतात व पॅड लवकर झिजतात. वेग दुप्पट झाला म्हणजे वाहनाची गतिज ऊर्जा चौपट होते, आणि ती शोषून घेण्याचा मोठा भार या लहानशा पॅडांवर पडतो. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा अधिक क्षमतेच्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले. परंतु झिजलेल्या पॅडांची उणीव तेही भरून काढू शकत नाही.

पॅडवरील झीजदर्शक खाच दिसेनाशी झाली किंवा ब्रेक लावताना लोखंड घासल्याचा आवाज येऊ लागला, की पॅड बदलणे लांबवू नये. वाहन सपाट जागी मधल्या स्टँडवर उभे करून डिस्क थंड होऊ द्यावी. प्रथम पॅडची पिन सैल करावी, नंतर कॅलिपरचे बोल्ट काढावेत. कॅलिपर नळीवर लोंबकळत ठेवू नये. जुने पॅड काढल्यावर लीव्हर दाबू नये. पिस्टन बाहेर निघण्याचा संभव असतो. पिस्टन हळूहळू आत ढकलताना ब्रेक ऑइल टाकीबाहेर सांडत नाही ना, हे पाहावे. ते रंग खराब करते. साचलेली धूळ फुंकून न उडविता ओल्या फडक्याने पुसावी, कारण ती फुप्फुसांस अपायकारक असते. नव्या पॅडला तेल वा ग्रीस लागू देऊ नये. दोन्ही पॅड एकाच वेळी बदलावेत व सर्व बोल्ट घट्ट आवळावेत.

यानंतरची कृती सर्वांत महत्त्वाची होय. पिस्टन मागे सरकलेला असल्याने लीव्हर प्रथम पोकळ लागतो. तो कडक होईपर्यंत वारंवार दाबल्याखेरीज वाहन जागेवरून हलवू नये; अन्यथा पहिल्याच उतारावर ब्रेक लागणार नाही. लीव्हर मऊच राहिल्यास किंवा ऑइल गळत असल्यास वाहन न चालविता मेकॅनिकला बोलवावे. नवे पॅड डिस्कवर नीट बसेपर्यंत वेग कमी ठेवणे हिताचे ठरते.