पाटी वाचता येईना, पण कांजी सापडली

मंडळी, आम्ही पस्तीस वर्षे शाळेत अक्षरे शिकवली. शेवटची नऊ वर्षे मुख्याध्यापक होतो. पाटी दिसली की ती वाचायची, ही आमची जुनी खोड. एस. टी. तून जाताना दुकानांच्या पाट्या वाचतो. बियाण्याच्या पिशवीवरचा मजकूर वाचतो. आणि अशा माणसाला एक दिवस एकही पाटी वाचता येईना!

झाले असे. आमचे धाकटे चिरंजीव अमेरिकेत नोकरीला आहेत. २०१९ साली त्यांनी आम्हा दोघांना तीन महिन्यांसाठी नेले. त्यांचे घर लॉस एंजेलिस या शहराच्या पूर्वेला, उपनगरात. उपनगर म्हणजे शहराला लागून वाढलेली वस्ती. मुंबईला जसे अंधेरी-बोरिवली, तसेच ते. त्या बाजूला माँटेरी पार्क, अल्हाम्ब्रा, सॅन गॅब्रिएल, रोझमीड, आर्केडिया अशी गावे एकाला एक चिकटलेली आहेत. एक गाव कुठे संपले आणि दुसरे कुठे लागले ते कळत नाही.

मुलगा आणि सूनबाई सकाळी कामावर जात. आम्ही दोघे घरात. पहिल्या आठवड्यात आमचे पोट बिघडले. पावाला चव नाही, सगळ्यात लोणी. चिरंजीवांनी एके रात्री बाहेरून ‘चिनी जेवण’ आणले. ते तळलेले आणि गुळासारखे गोड. आम्ही दोन घास घेतले आणि झाकून ठेवले. आमच्या सौ. म्हणाल्या, ‘‘चला परत. इथे आपले काही खरे नाही.’’ थट्टा नव्हती ती. वय झाल्यावर अन्न गोड लागेना की माणूस खचतो. आम्ही चार किलो वजनाने उतरलो होतो.

मग एका रविवारी चिरंजीव आम्हाला माँटेरी पार्कला घेऊन गेले. तिथे उतरलो आणि पाहतो तो काय? दुकानांच्या पाट्यांवर सगळी चिनी अक्षरे! काना नाही, मात्रा नाही. घराच्या चित्रासारखी, झाडाच्या फांद्यांसारखी अक्षरे. खानावळीत बसलो, तर पदार्थांच्या यादीवरही तेच. त्या दिवशी आम्हाला कळले, की पहिल्या दिवशी वर्गात येणाऱ्या मोठ्या माणसाला काय वाटत असेल. सगळ्यांना दिसते आहे, आपल्यालाच दिसत नाही. खाली बारीक इंग्रजी होते. त्यावरून बोट फिरवत गेलो. निम्मे शब्द कळेनात. आणि मग एक शब्द लागला. अक्षर अक्षर लावून वाचला. कांजी!

हो, कांजीच. आपण तांदळाची पेज करतो ना, तीच. चिनी लोक तिला ‘जूक’ किंवा ‘चौ’ म्हणतात. पण इंग्रज तिला ‘कांजी’ म्हणतात, आणि तो शब्द आपल्या दक्षिणेकडच्या तमिळ लोकांचा आहे. तो पोर्तुगीजांनी उचलला आणि त्यांच्याकडून इंग्रजीत गेला. आपल्याकडेही कपड्यांना घालायच्या खळीला जुनी माणसे कांजी म्हणतातच. इतक्या लांब, चिनी खानावळीत, आपल्याकडचा शब्द भेटला. वाडगाभर पेज आली. वर आल्याचे तुकडे, भाजलेले शेंगदाणे, कांद्याची पात. आम्ही सगळी संपवली. सौं.नी दुसरा वाडगा मागितला.

आता तुम्ही विचाराल, अमेरिकेत ही चिनी वस्ती आली कुठून? ऐका तर.

चिनी मजूर अमेरिकेत फार पूर्वी, १८४९ च्या सुमारास सोन्याच्या खाणींसाठी गेले. नंतर त्यांनी रेल्वेचे रूळ टाकले. काम संपल्यावर मात्र गोऱ्या लोकांना ते नकोसे झाले. १८८२ साली कायदा करून चिनी मजुरांना बंदी केली. ती १९४३ साली उठली, पण दार खरे उघडले ते १९६५ च्या कायद्याने. आपल्याकडची माणसेही तिकडे जास्त करून त्याच कायद्यानंतर गेली. आमचे चिरंजीवही त्याच दारातून आत गेले म्हणायचे.

१९७० नंतर फ्रेडरिक शे नावाच्या एका जमीन व्यापाऱ्याने माँटेरी पार्कमध्ये जागा घेतल्या. हे गाव शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर. त्याने तैवान आणि हाँगकाँगच्या वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या, की इथे या, घरे घ्या. माणसे आली. त्यांच्यामागे त्यांचा तांदूळ आला, भाजीवाला आला, आचारी आला. १९८३ साली लिली ली चेन या चिनी बाई तिथल्या महापौर झाल्या. १९९० च्या शिरगणतीत गावातली निम्म्याहून जास्त माणसे आशियातली निघाली.

पण हे गोडीगुलाबीने झाले असे समजू नका. जुन्या रहिवाशांना राग आला. त्यांचे म्हणणे, आमच्याच गावात आम्हाला पाट्या वाचता येत नाहीत. १९८६ साली नगर परिषदेने इंग्रजीच्या बाजूने ठराव केला. पाट्यांवरून वर्षानुवर्षे भांडण चालले. आम्हाला दोघांचेही पटते. पाटी वाचता न येणे किती झोंबते, ते आम्ही त्या दिवशी भोगले होते. पण नव्याने आलेल्या माणसाला आपल्या लिपीतली पाटी दिसली तर त्याच्या जिवात जीव येतो, हेही खरे. आता बऱ्याच पाट्यांवर दोन्ही लिप्या दिसतात.

पुढे पुढे आम्हाला चांगली खानावळ ओळखायची युक्ती सापडली. ती आपल्या तालुक्याच्या गावीही उपयोगी पडेल. झगमगाट पाहून आत शिरू नये. तिकडची चांगली खानावळ गाड्या लावायच्या मैदानाच्या कडेला, धोब्याचे दुकान आणि दात काढणारा डॉक्टर यांच्या मधे, साध्या गाळ्यात असते. आत त्याच मुलखातली म्हातारी माणसे आणि लहान मुले जेवत आहेत का ते पाहावे. म्हातारा माणूस वाईट पेज खपवून घेत नाही. शंभर पदार्थांची यादी असेल तर सावध व्हावे. पाच-सहाच पदार्थ असतील, तर ते रोज ताजे होत असणार. आणि शेजारच्या टेबलावर काहीतरी चांगले दिसले, तर बोट दाखवून तेच मागावे. यात लाज कसली? जोनाथन गोल्ड नावाचे एक वर्तमानपत्री लेखक त्याच शहरात होते. मोठी हॉटेले सोडून ते अशा लहान खानावळी शोधत हिंडत आणि त्यांच्यावर लिहीत. त्या लिखाणाला २००७ साली पुलित्झर हे मोठे बक्षीस मिळाले. ते २०१८ साली वारले.

एक सांगायचे राहिले. आपल्या गाड्यावरचे ‘मंचुरियन’ तिथल्या यादीत आम्हाला कुठेच दिसले नाही. ते आपल्या मुंबईचेच. नेल्सन वँग या आचाऱ्याने १९७५ साली ते केले असे सांगतात. आपणच केले आणि चीनच्या नावावर टाकले!

ज्यांना मांस चालत नाही त्यांनी मात्र जपावे. नुसती भाजी मागितली तरी तिच्यात डुकराची चरबी किंवा मासळीचा रस असू शकतो. त्यांच्यात बौद्ध धर्म कडक पाळणारे लोक आहेत. ते मांस खात नाहीत, कांदा-लसूणही खात नाहीत. अशा जेवणाला ते ‘सू’ म्हणतात. आमचा उच्चार कुणाला कळेना. मग चिरंजीवांनी ते अक्षर एका चिठ्ठीवर लिहून आणले. सौं.नी ती चिठ्ठी तीन महिने पदराच्या गाठीला ठेवली होती. चिठ्ठी दाखवली की काम होई.

तिथल्या टेबलावर मिरचीच्या लाल चटणीची बाटली असते, तिच्यावर कोंबडा. ती डेव्हिड ट्रॅन नावाच्या गृहस्थाची. हे चिनी वंशाचे, पण जन्म व्हिएतनामचा. लढाईनंतर देश सोडून जहाजातून निघाले. त्या जहाजाचे नाव हुय फाँग, तेच पुढे त्यांनी कंपनीला दिले. १९८० साली लॉस एंजेलिसमध्ये त्यांनी चटणी करायला सुरुवात केली. पुढे एवढा मोठा कारखाना झाला, की २०१३ साली अर्विंडेल गावाने मिरचीच्या वासाने ठसका लागतो म्हणून त्यांच्यावर दावा लावला. पुढच्या वर्षी तो मागे घेतला. आम्ही कोल्हापूरकडचे. मिरची कांडायच्या गिरणीशेजारी आमचे बालपण गेले. त्या चटणीची चव चांगली, आंबटगोड. पण तिखट म्हणाल, तर आपल्या कांदा-लसूण चटणीपुढे ती लहान पोर.

आता घरच्या स्वयंपाकाकडे येऊ.

चिरंजीवांच्या शेजारी तैवानची एक म्हातारी राहत असे. तिचेही दिवसभर घरात कुणी नसे. ती गावच्या ग्रंथालयात मोठ्या माणसांच्या वर्गाला जाऊन इंग्रजी शिकत होती. सत्तरी उलटलेली, हातात पाटीऐवजी वही. तिचे आणि सौं.चे बोलणे हातवाऱ्यांनी चाले. एकदा तिने अंडी आणि टोमॅटो घेऊन आमच्या चुलीचा ताबाच घेतला. तीन अंडी मीठ घालून फेटली, तेलात मऊसर भाजून बाजूला काढली. त्याच कढईत दोन-तीन टोमॅटो मोठे चिरून टाकले. रस सुटेपर्यंत शिजवले, चिमूटभर साखर टाकली, अंडी परत घातली. वर कांद्याची पात. हळद नाही, मसाला नाही. भातावर घालून खायचे. टोमॅटोला भाव नसतो तेव्हा आपल्याकडे तो शेताच्या बांधावर सडतो. तेव्हा ही भाजी आठवावी.

पेजही तिने दाखवली. एक वाटी तांदूळ, नऊ-दहा वाट्या पाणी, आल्याचा तुकडा. मंद आचेवर तासभर ठेवायची, अधूनमधून ढवळायची. कण्या चालतात. आजारी माणसाला पातळ द्यावी. कामावरच्या माणसाला शेंगदाणे नाहीतर उकडलेले अंडे घालून द्यावी.

पण आम्हाला खरे महत्त्वाचे वाटले ते टोफू. टोफू म्हणजे सोयाबीनच्या दुधाचे पनीर. मंडळी, आपण सोयाबीन पेरतो, काढतो आणि पोती अडतीवर टाकतो. घरात किती खातो? शंभर ग्रॅम सोयाबीनमध्ये साधारण छत्तीस ग्रॅम प्रथिने असतात. तुरीच्या डाळीत बावीसच्या आसपास. प्रथिने म्हणजे अंग भरणारा, पोराची वाढ करणारा भाग. डाळ महाग झाली की आमटी पातळ होते आणि दारात सोयाबीनची पोती उभी असतात. शाळेत आम्ही काडीसारख्या हातापायांची मुले पाहिली आहेत, आणि त्यांच्या बापाचे शेत सोयाबीनचे होते.

तर कृती अशी. पाव किलो सोयाबीन निवडून, धुऊन रात्रभर भिजत घालावे. बियाण्याच्या पिशवीतले कधीही घेऊ नये. त्याला औषध चोळलेले असते, ते विष आहे. सकाळी पाणी टाकून द्यावे. दोन लिटर ताजे पाणी घ्यावे आणि त्यातले थोडे थोडे घालत सोयाबीन बारीक वाटावे. उरलेले पाणी मिसळून फडक्यातून गाळावे. ते दूध मोठ्या पातेल्यात उकळावे. मोठे अशासाठी, की फेस भराभर वर येतो. उकळी आल्यावर मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटे ढवळत शिजवावे. यात घाई करू नये. कच्चे सोयाबीन पचत नाही, पोट बिघडवते. मग खाली उतरवून पाच मिनिटे थांबावे. दोन लिंबांचा रस अर्धी वाटी पाण्यात मिसळून हळूहळू घालावा, एक-दोनदाच ढवळावे. पंधरा मिनिटांत दूध फाटून चोथा आणि पिवळसर पाणी वेगळे होते. फडक्यात ओतून वर पाट आणि पाट्याचा वरवंटा ठेवावा. अर्ध्या तासात वडी तयार. पाव किलोची वडी चारशे ग्रॅमच्या आसपास भरते.

गावी आल्यावर आम्ही पहिल्यांदा केले तेव्हा लिंबू सगळे एकदम ओतले. चुरा झाला. सौं.नी तो कांदा-मिरचीवर परतला आणि नातवंडांनी भुर्जी म्हणून खाल्ला. दुसऱ्या वेळी वडी नीट पडली. नुसती खाल्ली तर तिला चव नसते. आमटीत टाकावी, तव्यावर तेल-तिखट-मीठ लावून भाजावी. शेजारच्या घरी दिली, तर ते म्हणाले, ‘‘गुरुजी, पनीर कुठून आणले?’’ आम्ही दारातल्या पोत्याकडे बोट दाखवले.

गाळताना फडक्यात जो भुगा राहतो, तोही टाकू नये. थालीपिठाच्या पिठात मिसळावा, पण थालीपीठ मंद आचेवर, झाकण ठेवून आतपर्यंत चांगले भाजावे, कारण तो भुगा कच्चाच असतो. वडीचे उरलेले पिवळे पाणी गार करून आमच्या म्हशीपुढे ठेवले. तिने एकदा हुंगले, आणि पाटी रिकामी केली.