डोळ्यांपुढे अंधारी: एका डोळ्याला की दोन्ही?

‘डोळ्यांपुढे अंधारी आली’ हे वस्तीत रोज कुठे ना कुठे ऐकू येते. पाणी पिऊन बसले, दिसू लागले की विषय संपतो. आमचे म्हणणे एवढेच, की विषय संपवण्याआधी एक गोष्ट पाहावी: अंधारी दोन्ही डोळ्यांपुढे आली की एकाच? कळत नसेल तर त्याच वेळी एकेक डोळा हाताने झाकून बघावा.

बसल्या जागेवरून झटकन उठताना दोन्ही डोळ्यांपुढे अंधार आला, तर तो बहुधा रक्तदाब उतरल्याने. उठल्यावर रक्त पायांकडे उतरते, मेंदूला क्षणभर कमी पडते. उपाशीपोटी काम, उन्हातली मजुरी, बीपीच्या गोळ्या यांनी हे वाढते. चैत्यभूमीच्या रांगेत तासन्‌तास उभे राहिल्यावरही होते. अशा माणसाला उभे धरून ठेवू नये. आडवे करून पाय उंच करावेत.

बायांमध्ये पुष्कळदा रक्त कमी असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. विदर्भातल्या आपल्या कुटुंबांनी हिमोग्लोबिनबरोबर सिकलसेलही तपासून घ्यावा. तो नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी बरा होत नाही, आणि डोळ्याच्या पडद्यालाही इजा करतो.

खरी काळजी एका डोळ्याची. वरून पडदा उतरावा तसे दिसेनासे होते, काही मिनिटांत परत दिसते. दुखत नाही, म्हणूनच लोक घरी बसतात. कुणी नजर उतरवतात. मानेतून मेंदूकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी चरबी साचून अरुंद होते. तिथली बारीक गुठळी सुटून डोळ्याच्या रक्तवाहिनीत अडकते, मग विरघळते. पुढची गुठळी मेंदूत गेली तर लकवा! हा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वाधिक. म्हणून दिसू लागले तरी त्याच दिवशी मोठे सरकारी रुग्णालय गाठावे, चष्म्याचे दुकान नव्हे. बीपी, शुगर, विडी असलेल्यांनी तर नक्कीच. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले तर लगेच १०८.

चमकत्या नागमोडी रेषा दिसून मग डोके दुखले, तर बहुधा अर्धशिशी. पण पन्नाशीनंतर कानशील ठणकत असेल, चावताना जबडा दुखत असेल, तर तेही त्याच दिवशी दाखवावे.

जाताना चालू गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत. कोणता डोळा, किती मिनिटे, उठताना की बसल्या बसल्या, हे आधीच कागदावर लिहून ठेवावे. ओपीडीच्या गर्दीत सांगायचे राहून जाते.