यती म्हटलं की घरचे हसतात

बीडला आमच्या घरी यतीचा, म्हणजे हिममानवाचा विषय काढला की मोठे काका हसतात. हसू द्या! २०१९ च्या एप्रिलमध्ये भारतीय लष्करानेच मकालूजवळच्या ३२ बाय १५ इंची ठशांचे फोटो टाकले होते. शिवाय १९५१ चा गिर्यारोहक एरिक शिप्टन यांचा मेनलुंग हिमनदीवरच्या ठशाचा फोटो. तो पाहिला की माझा विश्वास पुन्हा पक्का होतो. मात्र २०१७ च्या डीएनए अभ्यासात 'यतीचे' ९ नमुने तपासले, तर ८ अस्वलांचे अन् १ कुत्र्याचा निघाला. हेही मी काकांना सांगतो, लपवाछपवी नाही.

पण डिसेंबर २०२१ मध्ये माजलगाव तालुक्यातल्या लवूळच्या वानरांनी सूडापोटी कुत्र्यांची अडीचशे पिल्लं मारली, हा मेसेज याच काकांनी सगळ्या नातलगांना पाठवला होता. प्रत्यक्षात वनविभागाने पकडली ती दोनच वानरं.