परदेशी पाहुणे – ९ : अंजन गवताची दुसरी ओळख

गेल्या आठवड्यातलं गाजरगवत नावापुरतंच गवत होतं. ते सूर्यफुलाच्या कुळातलं. या वेळची वनस्पती अस्सल गवत आहे आणि आपल्या ओळखीचीही. मराठीत तिला अंजन गवत म्हणतात, राजस्थानात धामण. (रानातला अंजन वृक्ष वेगळा.) आफ्रिका, अरबस्तान आणि भारताचा कोरडा पट्टा हे या गवताचं घर. आपल्याकडे गुरांच्या वैरणीसाठी ते मुद्दाम लावतात; जोधपूर आणि झाशीच्या संशोधन संस्थांनी त्याचे सुधारित वाणही काढले आहेत. अमेरिकेत ॲरिझोनाच्या सोनोरा वाळवंटात मात्र लोक पहारी घेऊन हेच गवत उपटत असतात.

अंजनाचा ठोंब जरा जवळून पाहण्यासारखा आहे. काड्या बुडाशी किंचित फुगलेल्या असतात. तिथं अन्नाचा साठा असतो. वरचं सगळं चरलं गेलं, वाळलं, अगदी जळलं तरी पाऊस पडला की त्या बुडख्यातून काही दिवसांतच हिरवे कोंब वर येतात. टोकाला बोटभर लांबीचा, जांभळट छटेचा केसाळ तुरा. तो चिमटीत धरून वर ओढला की मऊ बोंडुली हातात येतात आणि मधला दांडा उघडा पडतो. त्यावर बोट फिरवलं तर तो खरखरीत लागतो. ओळख पटवण्याची ही साधी खूण. बोंडुल्यांना केस असल्यामुळे बी वाऱ्यावर उडतं, जनावरांच्या अंगाला आणि माणसांच्या पायमोज्यांना चिकटतं. शिवाय बहुतेक वेळा फलन न होताच त्यात गर्भ धरतो, म्हणजे रोप आईची हुबेहूब नक्कल. एकट्या ठोंबाची प्रजा अख्खा उतार व्यापू शकते.

ॲरिझोनात हे गवत चोरपावलांनी शिरलं नाही. १९३० च्या दशकापासून सरकारी मृदसंधारण खात्यानेच धूप थांबवायला आणि चाऱ्यासाठी ते लावून पाहिलं. सीमेपलीकडे मेक्सिकोच्या सोनोरा राज्यात तर गुरांसाठी वाळवंट साफ करून त्याची कुरणं केली गेली. पुढे रस्त्यांच्या कडेकडेने ते डोंगरउतारांवर चढलं. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागात पहिलं बी उंटांच्या खोगिरांत भरलेल्या गवतातून आल्याचं सांगतात.

खरं नुकसान आगीतून होतं. सोनोरा वाळवंटातली मूळ झाडं अंतर राखून वाढतात. मध्ये उघडी माती असल्याने ठिणगी पडली तरी वणवा पसरत नसे, त्यामुळे तिथल्या झाडांना आगीची सवयच नाही. अंजनाने नेमकी ती मोकळी जागा भरली. त्याचं वाळकं पाचट उभंच राहतं आणि भडकून पेटतं. टूसॉन शहरालगतच्या राष्ट्रीय उद्यानातल्या सवारो निवडुंगाचं पाहा. पहिल्या आठेक वर्षांत तो इंच-दीड इंच वाढतो आणि त्याला पहिला फाटा फुटायला साधारण ५० ते ७५ वर्षं लागतात. एक वणवा त्याला आणि त्याच्या पिल्लांना सावली देणाऱ्या पालोव्हर्देच्या झाडांनाही मारतो. अंजन मात्र बुडख्यातून पुन्हा फुटतं, तेही पहिल्यापेक्षा दाट.

तिथल्या उन्हाळी पावसालाही मान्सूनच म्हणतात. तणनाशक हिरव्या पानांवरच लागू पडतं, म्हणून फवारणीला पावसानंतरचे थोडेच आठवडे मिळतात. एरवी स्वयंसेवक खडकाळ उतारांवर पहारीने एकेक ठोंब बुडख्यासकट उखडतात, तुरे सांडू नयेत म्हणून पिशवीत भरतात. मातीत पडलेलं बी काही वर्षं जिवंत राहतं. त्यामुळे पुढच्या पावसानंतर त्याच उतारावर पुन्हा चढावं लागतं.