समतोल हाताला आधी कळतो

प्राथमिकच्या मुलांना कलेतल्या मूळ संकल्पना व्याख्येआधी हाताने कळाव्यात, आणि पुण्यात त्याची साधनं घराजवळच आहेत. गणपतीच्या आधी शहरात ठिकठिकाणी शाडूच्या मूर्तींच्या कार्यशाळा भरतात. मूल सोंड जाड करतं, मूर्ती पुढे कलते, मग ते बैठक रुंद करतं. समतोल त्याला तिथेच उमगतो. कान नुसता चिकटवला तर वाळल्यावर गळतो; दोन्ही बाजू खरवडून पातळ मातीचा लेप दिला की टिकतो. कसब्यातल्या पेशवेकालीन तांबट आळीत मठारकाम केलेली, म्हणजे हातोडीने ठोके देऊन घडवलेली, तांब्याची भांडी मिळतात. अशा भांड्यावर पातळ कागद धरून मेणखडू आडवा घासला की ठोक्यांची नक्षी उमटते, आणि पोत व लय दोन्ही एकदम दिसतात.

मोठा वर्ग, अपुरा तास आणि पसारा, हा शिक्षकांचा आक्षेप रास्त आहे. पण इथे महागडं साहित्य लागत नाही. महिन्यातून एकदा दोन तास जोडून घेतले तरी पुष्कळ होतं. मला जास्त काळजी वाटते ती साच्यातून काढलेल्या मूर्तीची आणि आईबाबांनी रात्री जागून केलेल्या प्रकल्पाची. ते देखणे असतात, पण मुलाच्या हाताला त्यातून काहीच मिळत नाही. गुण द्यायचेच असतील, तर मूर्ती कलल्यावर तू काय बदललंस, हे मुलाला विचारून द्यावेत.